किमान

उद्यमनगरात रात्री अकराच्या पुढे
शेवटचं लेथ बंद पडतं,
तेव्हा कुठे आमच्या सर्व्हरचा पंखा ऐकू येतो.
खाली फौंड्रीची काळी वाळू,
वर दूध संघाचा संगणक विभाग:
चार खुर्च्या, एक मोडकी,
आणि मी.

तक्रार गगनबावड्याची.
मांडुकलीला रस्ता पाण्याखाली गेला, केबल तुटली,
तिथलं यंत्र अकरा दिवस मुकं.
बाराव्या दिवशी जोडलं,
तर ते कालपासूनच्या नोंदी घेऊन
मुकाट पुढे चालायला लागलं.
मधले दिवस कुणी मागितले नाहीत,
कुणी दिलेही नाहीत.
म्हशीच्या दुधाचा दर वाढला होता सहाव्या दिवशी.
तो तिथं पोचलाच नाही.

सात्तापा वरुटेंनी जुन्या दरानं बिलं वाटली,
नि बेचाळीस माणसं दारात.
फोनवर मला म्हणाले,
'बाई, मशीन खोटं बोलत न्हाई म्हणून सांगिटलं हुतं तुम्ही.'

मी सांगितलं होतं.

मग तीन रात्री लॉग वाचले.
पुसलेले लॉग कसे वाचणार?
त्यांच्या कडा वाचल्या.
कुठला आकडा संपतो, कुठला सुरू होतो,
मध्ये किती मोठं भगदाड.

दोष एकाच ओळीत होता, आणि ओळ देखणी होती.
सगळ्या प्रतींना विचारा, कुठवर आलात?
त्यातला किमान आकडा धरा,
त्याच्या मागचं पुसून टाका.
फक्त 'सगळ्या' म्हणजे
त्या घडीला जोडलेल्या.

पंगतीत शेवटचा माणूस जेवतोय तोवर उठायचं नाही,
एवढं त्या कोडला कळत होतं.
पण ज्याचं पान मांडलंय
आणि जो हात धुवायला गेलाय,
त्याचंच पान त्यानं गोळा केलं.

अस्मा मुल्लाणी सकाळी आली, तिनं बघितलं,
म्हणाली, 'मग गैरहजर धरून किमान काढ. सोपं आहे.'
सोपं नव्हतं.
मागच्या वर्षी बंद केलेलं कळ्याचं केंद्र
अजून यादीत होतं.
त्याची वाट बघत बसलो असतो
तर दिवाळीपर्यंत डिस्क भरली असती
आणि सगळ्यांचंच दूध तुंबलं असतं.

म्हणजे आकडा लिहावा लागणार.
न बोलणाऱ्याची वाट किती दिवस बघायची,
हे घरात कुणी विचारत नाही;
इथं मात्र रकाना रिकामा सोडता येत नाही.
मी तेरा लिहिलं.
खोडलं.
चौदा केलं.
अस्मानं का म्हणून विचारलं नाही.

खाली आणखी एक ओळ घातली:
चौदा भरले तरी आपोआप पुसू नये,
आधी माणसाला फोन जावा.
आणि नोंदींत भगदाड दिसलं
तर यंत्रानं अडून बसावं, ओरडावं,
शहाण्यासारखं पुढे चालू नये.

चाचणीसाठी रविवारी केबल उपसली.
भवानी मंडपापर्यंत चालत गेले,
पायताणाच्या दुकानासमोर उगाच उभी राहिले,
परत आले, केबल लावली.
मागचा आकडा हलला.
एक एक नोंद, आली त्याच क्रमानं,
वाशीची सकाळ, मग परितेची,
मग हळदीची, दोनदा.
हळदीला कुणीतरी चूक दुरुस्त केली असणार;
चूकही आली, दुरुस्तीही आली.

चेअरमननी विचारलं, 'नेमकं काय बदललं?'
'एक अट काढली, दोन घातल्या.'
'एवढ्याला आठ दिवस?'

सात्तापांना फोन लावला.
त्यांनी त्या अकरा दिवसांचे दर
शेजारच्या केंद्रावरून विचारून
वहीत आधीच उतरवले होते,
फरकही वाटून टाकला होता.
'वही टाकू नका,' म्हटलं.
'टाकतंय कोण?' ते म्हणाले,
आणि मागे कुणाच्या तरी किटलीचं झाकण
खणकन पडलं.